उत्तर आलं नाही, म्हणजे पक्कं

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहायचे तर माणूस निवृत्त असावा, केस पांढरे असावेत आणि ज्यांच्याविषयी लिहायचं ते एकतर वारलेले किंवा ठार बहिरे झालेले असावेत, असा एक सोयीचा संकेत आहे. माझ्याकडं यातलं काहीच नाही. मी तिशीच्या अलीकडं आहे, केस काळे आहेत, आणि ज्यांच्याविषयी लिहायचंय ते वसंतशेठ जिंतुरात रोज दुकान उघडतात. नाव बदललंय, तरी जिंतूरवाले ओळखतीलच. ओळखू द्या. माझा धंदा असा आहे की मी निवृत्त होईपर्यंत तो टिकेल याची मलाच खात्री नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

मी दुकानदारांची तीच ती कामं यंत्राला लावून देते. परभणीत बसून, आणि लागेल तशी एसटीनं सेलू, गंगाखेड, जिंतूर करत. स्क्रीनवर चौकटी मांडायच्या आणि त्यांच्यात बाण ओढायचे. पहिल्या चौकटीत गिऱ्हाईकाचा निरोप येतो. दुसरीत एआय तो वाचतं, आवाजी निरोप असेल तर ऐकतं, आणि या बाबाला नेमकं काय पाहिजे ते ठरवतं. तिसरी चौकट उत्तर देते. प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. चौकट उचलायची, ठेवायची, बाण ओढायचा. याला नो-कोड म्हणतात. माझी आई याला रांगोळी म्हणते आणि शेजारणींना सांगते की पोरगी दुकानादुकानातून रांगोळ्या काढत फिरते.

मला हे कसं जमलं? पत्रकं लिहून. कॉलेजात मी एका संघटनेची पत्रकं लिहायचे. वसतिगृहाचं पाणी, एसटीचे पास, ग्रंथालयाला कायम लावलेलं कुलूप. विषय कुठलाही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं: मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. नीट बघा, हा शुद्ध वर्कफ्लो आहे. डावीकडं अट, उजवीकडं कृती, मध्ये बाण. फरक एवढाच की आमचा बाण बहुतेक वेळा चहाच्या टपरीपर्यंत जाऊन थांबायचा. यंत्राचा थांबत नाही.

लोकांना वाटतं, मालकांना यंत्राकडून वेळेची बचत हवी असते. साफ खोटं. मालकांना यंत्राकडून सगळ्यात आधी हवं असतं ते खोटं बोलणं. ‘शेठ बाहेरगावी गेलेत.’ ‘माल रस्त्यात आहे.’ ‘आत्ताच संपला बघा.’ आयुष्यभर हे बोलून बोलून बिचारे थकलेले असतात, ती मेहनत कुणीतरी उचलावी एवढीच त्यांची अपेक्षा.

सेलूच्या एका टेलरमास्तरांनी मला सरळच सांगितलं, “ब्लाउज उद्या मिळंल, एवढंच बोलायला लावा त्याला. पर रोज येगळ्या कारणानं. बाया लय हुशार हायेत, एकच कारण दोनदा चालत न्हाई.” मी तसं लिहून दिलं. एआय आज्ञाधारक. पहिल्या दिवशी लाईट गेली, दुसऱ्या दिवशी धागा संपला, मग कारणं संपत आली तशी त्यानं मास्तरांची आजी मारली. वेगवेगळ्या बायकांना वेगवेगळ्या दिवशी मारली. दुकानात सांत्वनाला रीघ लागली. मास्तरांची आजी त्यांच्या लहानपणीच गेलेली, तरी त्यांना मान खाली घालून बसावं लागलं, आणि नुसतं बसायचं कसं म्हणून हाताला शिलाई घ्यावी लागली. त्या महिन्यात सेलूतल्या बायकांना ब्लाउज वेळेवर मिळाले. ऑटोमेशननं उत्पादन वाढतं म्हणतात, ते असं.

तर वसंतशेठ. त्यांचं बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान. खूश असले की मला ‘मॅडम’ म्हणतात, काम फुकटात करून हवं असलं की ‘ताई’, आणि चिडले की ‘पोरी’. मला बोलावलं तेव्हा ‘ताई’ होते.

“ताई, बेजार झालोय. शटर अर्धं वर गेलं न्हाई की फोन. युरिया आला का! जेवायला बसलो, युरिया आला का! मेहुण्याच्या लग्नात अक्षता टाकायलो तरी कानाला फोन. युरिया आला का! नवरदेवानं बी तेच इचारलं.”

हे काम यंत्रासाठीच जन्माला आलेलं होतं. शिल्लक मालाच्या शीटशी बाण जोडला, संपलं. पहिल्या दिवशी यंत्रानं उत्तरं दिली: ‘सस्नेह नमस्कार. सद्यःस्थितीत युरिया उपलब्ध नसून उपलब्धतेअंती आपणांस कळविण्यात येईल.’ एक शेतकरी तडक गाडी काढून दुकानात आला. “शेठ, कोर्टाची भानगड झाली का काय? वकिलाच्या हातचं लिवलेलं आलंय.”

मग मी सूचना बदलली: जिंतूरच्या दुकानदारासारखं बोल. यंत्रानं ते फारच मनावर घेतलं. ‘राम राम भाऊ! युरिया न्हाई आला. बाकी घरचे बरे हायेत न्हवं? औंदा सोयाबीन कसं हाय?’ लोक उत्तरं द्यायला लागले. एका आजोबांनी सोयाबीनपासून सुरुवात करून सुनेपर्यंत आवाजी निरोपांची माळ लावली आणि यंत्र प्रत्येक निरोपाला धीर देत बसलं. शेवटी मी सूचना पक्की केली: जिंतूरच्या दुकानदारासारखं बोल, पण दुकानात गर्दी असताना. तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. मी ‘मॅडम’ झाले.

इथंच थांबायला हवं होतं. पण शेठचं अजून एक काम होतं. सोयाबीन निघून रान मोकळं झालं की आमच्याकडं शेतकरी रानात मेंढ्या बसवतात. दिवसा कळप काडी-पाला खातो, रात्री त्याच रानात बसतो, लेंड्या आणि मूत मातीत मुरतं. शेतकऱ्याला खत, मेंढपाळाला चारा आणि थोडं धान्य. कुणाचं रान मोकळं झालं आणि कुणाचा कळप जवळ आहे, ही गाठ घालून द्यायचे वसंतशेठ.

“म्या एक दाणा घेत न्हाई,” ते छातीवर हात ठेवून म्हणायचे. “पुण्याचं काम हाय.”

खरं आहे, घेत नाहीत. फक्त ज्याच्या रानात कळप बसला त्यानं पुढचं बियाणं दुसऱ्या दुकानातून आणलं तर महिनाभर तोंड फुगवून बसतात. आता हे पुण्यही त्यांना यंत्राला लावायचं होतं.

मी आखणी केली. आदल्या दिवशी यंत्र शेतकऱ्याला विचारणार: उद्या कळप येतोय, रान तयार आहे का? ‘हो’ आलं की मेंढपाळाला ‘पक्कं’ असा निरोप आणि रानाचा पत्ता. ‘नको’ आलं की पुढचा शेतकरी. आणि उत्तरच आलं नाही, तर बाण शेठच्या फोनकडं: या माणसाशी स्वतः बोला.

चार दिवसांत मी ‘पोरी’ झाले. “म्या तुला फोन कमी करायला बोलवलं का वाढवायला? निम्मे लोक उत्तरच देईनात. दिसभर मीच फोन लावायलोय!”

उत्तर देणार कसे? आमच्याकडं तोंडावर ‘नको’ म्हणत नाहीत. ‘बघू की’ म्हणतात, ‘कळवतो’ म्हणतात, आणि अगदीच नको असेल तर गप्प बसतात. त्यात मेंढी म्हणजे लक्ष्मी. दारात आलेल्या लक्ष्मीला नको कोण म्हणणार? गप्प बसायचं, समोरच्यानं समजून घ्यायचं. वसंतशेठ स्वतः यात मुरलेले. कंपनीचा माणूस नको ते औषध गळ्यात मारायला फोन करतो, तेव्हा ते रिंग संपेपर्यंत फोनकडं शांतपणे बघत बसतात.

“उत्तर न्हाई आलं तर होय समजायचं की,” शेठ म्हणाले.

“नाही समजायचं.”

“कामून?”

“कारण ते होय नसतं, शेठ. तुम्हाला माहितीय.”

“मला माहितीय गं. मशीनला कुठं माहितीय!”

या युक्तिवादापुढं मी हात टेकले, पण बाण बदलला नाही. तसं स्पष्ट सांगून आले. आणि मग नो-कोडचा सगळ्यात मोठा गुण कामाला आला. जाहिरातीत लिहिलेलंच असतं: कुणालाही जमतं! वसंतशेठना जमलं.

मला कळलं ते काही दिवसांनी. जिंतूरलाच एका क्लासवाल्याकडं काम होतं. दुपारी सहज मोबाइलवर शेठच्या यंत्रानं केलेल्या कामांची यादी उघडली. सगळ्यांपुढं हिरवी खूण. कळपाच्या प्रत्येक निरोपापुढं ‘पक्कं’. आमच्या जिल्ह्यातले एवढे सगळे लोक विचारल्या विचारल्या ‘हो’ म्हणतात? आम्ही वसतिगृहाच्या पाण्यासाठी सह्या मागत फिरलो तेव्हा तहानलेली पोरंसुद्धा ‘बघू’ म्हणाली होती. आखणी उघडली. ‘उत्तर नाही’ या चौकटीतून निघालेला बाण शेठच्या फोनकडून उचलून थेट ‘पक्कं’वर नेऊन ठेवला होता. बाण जरा वाकडा होता. जाड बोटानं ओढलेला.

त्या दिवशी मथुरामायचा कळप रामकिसन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात जाणार होता. मथुरामाय आमच्या भागातल्या मेंढपाळ कुटुंबातली. नवरा पुढं घोड्यावर बिऱ्हाड घेऊन जातो, कळप ही हाकते. रामकिसनकडून उत्तर आलेलं नव्हतं. मी त्याला फोन लावला.

“रान तयार आहे का, दादा?”

“बघू की.”

“बघू म्हणजे काय? कळप निघालाय तुमच्याकडं.”

“आँ? कुनी सांगितलं? बांधाकडंच्या तुरीवर कालच फवारा मारलाय की वो! अळीचं औषध हाय, जालीम.”

“मग कळवलं का नाही?”

“गप बसलो की!” रामकिसन खरोखर दुखावल्या आवाजात म्हणाला. “अजून कसं कळवायचं? एवढं बी कळंना का तुमच्या मशीनला?”

मथुरामायचा फोन बंद. चालताना फोन बंद ठेवून पिशवीत टाकायची त्यांची पद्धत, बॅटरी कुठं भरणार रानात? शेठना फोन लावला, उचलेनात. दुकानाच्या नंबरवर निरोप टाकला: तातडीचं आहे, कळप थांबवा. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: ‘राम राम! भाऊ जरा बाहेरगावी हायेत. युरिया न्हाई आला.’ मी घडवलेल्या यंत्रानं मलाच वाटेला लावलं होतं.

बाहेरगावी गेलेले भाऊ, म्हणजे आमचे शेठ, दुकानात बशीत चहा ओतत होते. मी काय बोलले ते अंकात छापता येणार नाही. शेठनी बशी तशीच ठेवली, मोटारसायकल काढली, मी मागं बसले.

“पोरी, मला वाटलं गप हायेत म्हंजे चालतंय त्यास्नी,” ते वाऱ्यात ओरडले.

“तुम्हाला असं वाटलं नव्हतं, शेठ. तुम्हाला फोन लावायचा कंटाळा आला होता!”

त्यांनी गाडीचा वेग वाढवला. पाठीमागून मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता.

आम्ही पोचलो तेव्हा कळप गाडीवाटेवरून रानात वळत होता. पुढच्या दोन मेंढ्या बांधावरून तुरीत घुसल्या होत्या आणि शेंड्यांवर ताव मारत होत्या. शेठ गाडी आडवी टाकून हात पसरून धावले. एवढा मोठा माणूस बुजगावण्यासारखा अंगावर येताना बघून अख्खा कळप माघारी फिरला आणि मथुरामायच्या पायात घुसला.

“आवो भाऊ! येड लागलं का? तुमीच धाडलं न्हवं मला हितं?”

“फवारा मारलाय तुरीवर, माय. काढ त्या दोन बाहेर!”

मथुरामायनं काठी टाकली आणि पळाली. एकेकीला मानेला धरून ओढून बाहेर आणलं. तोंडात बोटं घालून पाला काढला. मग उठून शेठच्या पुढं उभी राहिली. त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

“मशीननं केलं गं माय,” शेठ म्हणाले. “मशीनची चूक झाली.”

मी तोंड उघडणार होते. यंत्र घ्यायचं, बाण आपल्या हातानं ओढायचा, आणि अंगावर आलं की यंत्राकडं बोट दाखवायचं. मालकाला याहून चांगला नोकर कुठं मिळणार? उलटून बोलत नाही, रडत नाही, पत्रक काढत नाही. हे सगळं मी तिथं म्हणणार होते, पण मथुरामायला माझ्या भाषणाची गरज नव्हती.

“मशीन कोन?” ती म्हणाली. “म्या न्हाई वळखत. निरोप तुमच्या नावानं आला. माझ्या धन्यानं वाचून दाखवला, भाऊचा हाय म्हनून. तुमी हितं बोलवलं, तुमी बसवा आता. दिस कलायलाय. एवढी जितराबं घिऊन म्या कुठं जाऊ?”

बोलावलेला कळप माघारी धाडायचा नाही, हा यांच्यातला जुना नियम. शेठनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. जवळचं मोकळं रान एकच होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. हरभऱ्यासाठी तयार करून ठेवलेलं. गावभर कळप बसवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या रानात कधी एक मेंढी बसू दिली नव्हती. दुकानातलं खत असताना मेंढ्या कशाला, म्हणून.

“चल,” शेठ म्हणाले.

कळप त्यांच्या रानात वाघरीत, म्हणजे भोवती लावायच्या जाळ्यात, नीट बसायच्या आतच त्या दोन मेंढ्यांच्या तोंडाला फेस आला. पाय लटपटायला लागले. शेठनी स्वतः जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना गाडीवर बसवून आणलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. मथुरामाय एकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात तिच्या पिशवीत, नुकत्याच चालू केलेल्या फोनवर टुणकन निरोप आला. मीच वाचून दाखवला, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि नवरा बिऱ्हाड लावायला गेला होता: ‘राम राम माय! रान आवडलं का? पुन्हा सेवेची संधी द्या.’ हीही चौकट शेठनीच हौसेनं जोडलेली. मी तिथंच उभी राहून सगळं यंत्र बंद केलं.

एक मेंढी वाचली. दुसरी गाभण होती. ती सकाळी गेली.

मी जिंतुरातच राहिले होते, मैत्रिणीकडं. सकाळी दुकानात गेले तर शेठ गल्ल्यावर बसलेले, डोळे सुजलेले. मला बघून म्हणाले, “ताई, एक काम कर. त्या मशीनला एक चांगला माफीचा निरोप लिवायला लाव. माझ्याच्यानं बोलवत न्हाई.”

“नाही लावणार. आणि तो बाण माझ्या हातानं जोडणारही नाही. मेंढ्यांचं काम यंत्रातून काढलंय मी. युरियापुरतं चालू करून देते, नाहीतर सगळंच बंद राहू द्या.”

“आगं पर—”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मथुरामाय दारात उभी. हातात काठी. दुकानात आलेली माणसं बाजूला झाली. शेठ उठून उभे राहिले.

“माय, चुकलं माझं,” ते म्हणाले. यंत्रानं लिहिलं असतं त्यापेक्षा फारच लहान वाक्य होतं. “माझ्या मेहुण्याकडं मेंढ्या हायेत. एक गाभण आणून देतो तुला. आजच.”

“ती तर आनाच,” मथुरामाय म्हणाली. “पर त्यासाठी न्हाई आले. उद्याचं रान कोनतं?”

शेठनी माझ्याकडं बघितलं. यंत्रानं उद्यासाठी एका शेतकऱ्याचं नाव ‘पक्कं’ करून ठेवलेलं होतं. त्याच्याकडूनही उत्तर आलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्याकडूनही नाही. त्याच्या पुढच्याकडूनही.

“त्याला फोन लावा,” मथुरामाय म्हणाली. “माझ्याम्होरं.”

शेठनी लावला, आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. विचारलं, उद्या कळप येऊ देऊ का?

“बघू की भाऊ,” पलीकडून आवाज आला. “तसं काय न्हाई… कळवतो…”

शेठ सवयीनं “बरं बरं” म्हणून फोन ठेवणार, तोच मथुरामायनं काउंटरवरून तो उचलला.

“दादा, म्या मेंढरंवाली बोलायले. माझी एक मेंढी आज सकाळी गेली, पोटात पिल्लू हुतं. तुला नको असलं तर नको म्हन. तुझ्या नको म्हनन्यानं माझं काय वाईट व्हत न्हाई. तुझ्या गप बसन्यानं व्हतंय.”

पलीकडं सगळं शांत. दुकानातला एक माणूस खताच्या पोत्यावर हात ठेवून उभा होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, फोन कट झाला.

“…नको, माय,” तो माणूस म्हणाला. आवाज असा, की घशातून काटा काढतोय. “औंदा नको. तननाशक मारलंय.”

“लय चांगलं केलंस, बाबा. देव तुझं भलं करो.”

तिनं फोन शेठच्या हातात परत दिला, काठी भिंतीला टेकवली आणि युरियाच्या रिकाम्या फळीवर मांडी घालून बसली.

“हं, भाऊ. आता फुडचा लावा.”